सोडणे आणि सोपविणे

एखादे कृत्य समाजाला उघड्या डोळ्यांनी पाहवत नसले, म्हणजे त्या कृत्यासाठी त्याच्या भाषेत नीटसे क्रियापदही तयार होत नाही. वार्धक्याने वा स्मृतिभ्रंशाने परावलंबी झालेल्या आपल्या माणसाला शुश्रूषागृहात नेऊन पोचविणे हे अशांपैकीच एक कृत्य होय. मराठीत त्याविषयी आपण कसे बोलतो ते पाहावे. शेजारी म्हणतात, ‘आईला वृद्धाश्रमात टाकले’. मुलगा जरा सावरून म्हणतो, ‘ठेवले’. यांपैकी पहिले क्रियापद केराला लागते आणि दुसरे भांड्याकुंड्यांना. ‘पोचविले’ म्हणावे, तर त्या शब्दाला स्मशानाचा वास येतो. उलट, मुलीला सासरी धाडावयाची वेळ आली तेव्हा याच भाषेला ‘पाठवणी’ हा ओलावा असलेला शब्द सुचला, आणि तिच्याही आधी कित्येक शतके कालिदासाला शाकुंतलाचा चौथा अंक सुचला. आश्रमात वाढलेल्या मुलीला निरोप देताना कण्वासारख्या विरक्ताचेही मन कसे हेलावते, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तोंडपाठ केले आहे. परंतु घरातल्या वृद्ध माणसाच्या पाठवणीचा असा अंक आमच्या वाचनात तरी मराठीत आलेला नाही. तो का लिहिला गेला नसावा, आणि एका परकीय लेखिकेने तो लिहिला तेव्हा तिला काय दिसले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

ही लेखिका म्हणजे कॅनडातील ॲलिस मन्रो. प्रायः लघुकथाच लिहून त्यांनी २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळविले, आणि २०२४ च्या मे महिन्यात त्या निवर्तल्या. त्यांची ‘द बेअर केम ओव्हर द माउंटन’ ही दीर्घ कथा १९९९ च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात प्रथम प्रसिद्ध झाली व २००१ साली त्यांच्या संग्रहात समाविष्ट झाली. सारा पॉली यांनी २००६ साली तिच्यावर ‘अवे फ्रॉम हर’ हा चित्रपट काढला; पुष्कळांस ती कथा त्या चित्रपटावरूनच ठाऊक आहे. आम्हांस येथे मूळ कथेशीच कर्तव्य आहे.

त्या कथेकडे वळण्यापूर्वी घरची स्थिती पाहणे योग्य होईल. वृद्धांच्या दुःखाविषयी मराठी रंगभूमी मुकी राहिली आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेले वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आणि त्याच दशकातील जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ ही दोन नाटके पाहून न गहिवरलेला मराठी प्रेक्षक विरळा. गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करतात, मुलाच्या घरी अपमान सोसतात, मुलीच्या घरी चोरीचा आळ सोसतात आणि अखेरीस पत्नीला घेऊन बाहेर पडतात. ‘संध्याछाया’तील नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत रमतो, दुसरा सैन्यात जाऊन मृत्यू पावतो, आणि उरलेल्या रित्या घरात ते दोघे स्वतःच आपला शेवट करून घेतात. पहिल्या नाटकामागे शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया आहे, हे प्रसिद्धच आहे. मुलींकडे महिना-महिना राहण्याची पाळी लावणारा आणि सोबत शंभर सरदारांचा लवाजमा मागणारा लिअर हाही मुळात म्हातारपणी कोठे राहावे या प्रश्नानेच भ्रमिष्ट झालेला बाप आहे.

या नाटकांच्या थोरवीविषयी आम्हांस शंका नाही. शिरवाडकरांनी मुलांना राक्षस केलेले नाही आणि आप्पांचा हेकटपणाही झाकून ठेवलेला नाही, हे त्यांच्या न्यायबुद्धीचे द्योतक आहे. परंतु दोन्ही नाटकांत एक गोष्ट समान आहे, आणि ती आजवर आमच्याही नीटशी ध्यानात आली नव्हती. दोहोंतही वृद्ध माणसे आपल्या पायांनी निघून जातात. एके ठिकाणी घरातून, दुसऱ्या ठिकाणी जगातून. त्यामुळे त्यांना कोणी हाताला धरून नेण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. मुलाने आईची पिशवी भरली आहे, तिची औषधे कागदावर क्रमाने लिहिली आहेत, दाराशी रिक्षा उभी आहे आणि आई विचारीत आहे, ‘आपण कोठे निघालो?’ या क्षणाला तोंड देण्याचे नाटककाराला कारणच पडत नाही. प्रेक्षकही सुखावतो. मुले कृतघ्न निघाली, आपण तसे नाही, असे मनाशी म्हणून तो डोळे पुसत घरी जातो.

हे विवेचन करण्याचा अधिकार आम्हांस कोठून प्राप्त झाला, तेही सांगितले पाहिजे. ‘नटसम्राट’ आम्ही वर्गात वीस-बावीस वर्षे शिकविले. दरवर्षी दुसऱ्या अंकाशी आमचा आवाज चढे, आणि वृद्धाश्रम म्हणजे संस्कृतीच्या भाळावरचा डाग, अशा आशयाचे एक वाक्य आमच्या तोंडून ठरल्यासारखे निघे. पुढे आमच्या वडील भगिनी आमच्या घरी आल्या. त्या आमच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेल्यामुळे आमचे लहानपण त्यांच्याच मांडीवर गेले. आक्कांची स्मृती हळूहळू विरत गेली. रात्री कडी काढून त्या रस्त्यावर जाऊ लागल्या. तिसऱ्या खेपेस एका दूधवाल्याने त्यांना मुख्य रस्त्यावरून परत आणले. त्यांना उचलता उचलता आमच्या पत्नीची पाठ कायमची अधू झाली. दीड वर्ष हे चालल्यावर एका गुरुवारी आम्ही त्यांना शुश्रूषागृहात नेले. वाटेत त्यांनी पंढरपूरची गाडी किती वाजता आहे असे विचारले, आणि आम्ही ‘लागेलच आता’ म्हणून सांगितले. त्या वर्षी आम्हांस ‘नटसम्राट’चा दुसरा अंक शिकविता आला नाही, सहकाऱ्याला विनंती करून आम्ही तो तास त्यांच्याकडे दिला. मन्रोंची ही कथा आम्ही पूर्वीही वाचली होती. खऱ्या अर्थाने ती वाचली ती त्यानंतर.

कथानक थोडक्यात असे. ग्रँट हा निवृत्त प्राध्यापक आणि फिओना ही त्याची पत्नी. फिओनाच्या आईवडिलांच्या घरात दोघे उतारवयात राहत आहेत. घरात जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या दिसू लागतात. पुढे कोणत्या खणात चमचे आहेत आणि कोणत्या खणात पुसणी, हेसुद्धा चिठ्ठीवर लिहावे लागते. एक दिवस पोलीस तिला रस्त्यावरून घरी आणतात. अखेर ती मेडोलेक नावाच्या शुश्रूषागृहात जावयास निघते. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातील फरशीवर आपल्या पादत्राणाचा काळा डाग उमटलेला तिला दिसतो आणि तो ती वाकून पुसते. ज्या घरात पुन्हा पाऊल टाकावयाचे नाही, त्या घराची फरशी पुसून निघणारी गृहिणी! लेखिकेने यावर एक अक्षरही भाष्य केलेले नाही. सौभाग्यवतीने घर सोडताना उंबरठ्याला हात लावून नमस्कार करावा, त्या जातीची ही क्रिया आहे, आणि आमच्या मते सबंध कथेचे मर्म येथेच सूचित झाले आहे. फिओनाला कोणी टाकलेले नाही. ती आपले घर आवरून, अर्धवट का होईना, स्वतःच्या मनाने निघाली आहे.

मेडोलेकचा एक नियम असा की, नव्या माणसाला पहिले तीस दिवस कोणी भेटावयास यावयाचे नाही, म्हणजे ते तेथे लवकर रुळते. पन्नासएक वर्षांच्या संसारात ग्रँट तिच्यापासून इतके दिवस कधी दूर राहिलेला नाही. महिन्याने तो फुले घेऊन जातो. फिओना पत्ते खेळणाऱ्यांच्या मेजाशी, ऑब्री नावाच्या एका अबोल रुग्णाजवळ बसलेली असते. ती ग्रँटशी अत्यंत सौजन्याने बोलते. चहा घेणार का, म्हणून विचारते. आपल्यासारखाच हा कोणी नवा राहावयास आलेला दिसतो, अशी तिची समजूत झालेली असावी. या सौजन्याइतके क्रूर असे त्या कथेत दुसरे काही नाही. आम्हांस याची प्रचीती आहे. जन्मभर आम्हांस ‘अरे’ म्हणून हाक मारणाऱ्या आक्कांनी दुसऱ्या महिन्यात आम्हांस खुर्ची पुढे केली आणि विचारले, ‘आपण कोणाकडचे?’ त्या ‘आपण’ शब्दातले अंतर इंग्रजी भाषेला दाखविता येत नाही, कारण तिला आदरार्थी सर्वनाम नाही. ते दाखविण्यासाठी मन्रोंना चहाचा प्याला मध्ये आणावा लागला. मराठी लेखकाच्या हाती मात्र हे साधन आयते आहे, आणि ते आम्ही अजून वापरलेले नाही.

येथपर्यंत कथा करुणेच्या ओळखीच्या वाटेने चालते. यापुढे ती जे वळण घेते तेथे लेखिकेची खरी शक्ती प्रकट होते. फिओनाचा ऑब्रीवर जीव जडतो. ती त्याची चाकाची खुर्ची ढकलते, त्याचे पत्ते पाहते, त्याची काळजी वाहते. ऑब्री तेथे तात्पुरता आलेला असतो. त्याची पत्नी मेरियन त्याला परत घरी नेते. त्याच्यावाचून फिओना झुरू लागते, आणि वरच्या मजल्यावर, ज्यांचे भान पुरते हरपले आहे त्यांच्यात, तिची रवानगी होणार अशी चिन्हे दिसू लागतात. तेव्हा ग्रँट उठतो आणि मेरियनच्या दारी जाऊन, ऑब्रीला भेटीस आणावे अशी याचना करतो. पत्नीच्या सुखासाठी पतीने तिचा सखा परत मागावयास जावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. पण हाच ग्रँट तरुणपणी आपल्या विद्यार्थिनींच्या नादी लागून फिओनाशी वारंवार प्रतारणा करून चुकला आहे, हे लेखिकेने आधीच सांगून ठेवले आहे. आता तो जे करीत आहे ते प्रायश्चित्त आहे, की जुन्याच स्वभावाचा नवा व्यवहार आहे, याचा निकाल ती देत नाही. कारण ऑब्रीला मिळविण्याची वाट मेरियनच्या एकाकीपणातून जाते, आणि त्या वाटेने जाताना ग्रँटचे हात पूर्ण स्वच्छ राहत नाहीत.

मेरियनचे पात्र दुय्यम समजून पुष्कळ वाचक पुढे जातात. आमच्या मते कथेचा तोल तिच्यावरच सांभाळलेला आहे. ही बाई नवऱ्याला घरी ठेवते, पण याचे कारण असे की शुश्रूषागृहाचा खर्च भागवावयाचा तर राहते घर विकावे लागेल, आणि ते घर एवढेच तिच्याजवळ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ग्रँट बायकोला ‘टाकणारा’ आणि मेरियन नवऱ्याला ‘सांभाळणारी’ दिसेल. आत पाहिले तर प्रेम कोठे किती आहे, हे पत्त्यावरून ठरत नाही असे ध्यानात येते. घरी ठेवणे म्हणजे माया आणि बाहेर ठेवणे म्हणजे निर्दयता, हे आपले सोपे समीकरण ही एक बाई मोडून टाकते. शुश्रूषा करणाऱ्या क्रिस्टी नावाच्या परिचारिकेकडे पाहून तर ग्रँटला असेही वाटते की, मुलांचा भार एकटीने ओढणाऱ्या तिच्यासारखीला आपली दुःखे भाग्यवंतांची दुःखे वाटत असतील. हा विचार आमच्याकडेही लागू आहे. ज्या घरांना अशा गृहांचे शुल्क परवडते, त्यांच्या अश्रूंना मर्यादा असाव्यात. ज्या बायका आपली म्हातारी माणसे गावी ठेवून परक्यांची अंगे पुसावयास शहरात येतात, त्यांची कथाही कोणी लिहावयास हवी.

या दिशेने मराठीत एक पाऊल पडले आहे, त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात संस्कृतचे एक विद्वान शास्त्री स्मृतिभ्रंशात हत्तीच्या मागे चालत निघून जातात, आणि माहुताच्या गरीब बायकोत त्यांना आई सापडते. त्यांना मोटारीत क्षणभर एकटे ठेवून गेलेली मुलगी तेथे खलनायिका नाही. ती दमलेली आहे, आणि दमणे हा गुन्हा नव्हे, हे त्या चित्रपटाला ठाऊक आहे. तथापि तेथे प्रश्न हरवण्याचा आहे. जाणूनबुजून हात सोडण्याचा प्रसंग तेथेही टळलेलाच आहे.

मन्रोंच्या कथेत उणे काहीच नाही असे नाही. फिओना आजारातही इतकी डौलदार आणि विनोदी राहते की, हा रोग जणू तिला शोभूनच दिसतो. शरीराची विटंबना, रात्रीच्या आरोळ्या, मळलेली अंथरुणे हे सर्व लेखिकेने वरच्या मजल्यावर ठेवले आहे, आणि त्या मजल्यावर ती वाचकाला फारशी नेत नाही. ज्याने हे घरात सोसले आहे त्याला ही निवड थोडी सोयीची वाटल्यावाचून राहणार नाही. शिवाय सर्व कथा ग्रँटच्या नजरेतून सांगितल्यामुळे फिओनाचे अंतरंग आपल्याला बंदच राहते. परंतु हा दोष मानावा की सत्यनिष्ठा मानावी, याविषयी आमचे मन द्विधा आहे. पोचवून परतणाऱ्या माणसालाही ते अंतरंग बंदच असते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सारे पाश्चात्त्य समाजाचे प्रश्न. ज्या भूमीत आईबापांची सेवा सोडावयाची नाही म्हणून पुंडलिकाने देवालाही विटेवर थांबविले, तेथे या कथेचे प्रयोजन काय? या आक्षेपाला कायद्याच्या पुस्तकातूनच उत्तर मिळते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयी २००७ साली संसदेने जो कायदा केला, त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निदान एक वृद्धाश्रम असावे अशी योजना आहे. आणि सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने वृद्धाला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. म्हणजे टाकणारी मुले आणि वृद्धाश्रमाची गरज ही दोन्ही या भूमीत आहेत, हे राज्यकर्त्यांनी मान्य केलेलेच आहे. कायद्याला अपराधाची व्याख्या करून थांबावे लागते. टाकलेले नाही आणि तरीही जवळ ठेवलेले नाही, या दोहोंच्या मधली जी मोठी जागा, तिचे वर्णन करणे हे वाङ्मयाचे काम आहे.

आणि आमच्या परंपरेला ती जागा अपरिचित होती असेही नाही. महाभारतातील आश्रमवासिक पर्व आज फार थोडे लोक वाचतात. युद्धानंतर पंधरा वर्षे युधिष्ठिराने धृतराष्ट्राला मानाने वागविले; मात्र भीमाचे टोचून बोलणे चालूच होते. अखेर धृतराष्ट्र वनात जावयास निघतो. युधिष्ठिर व्याकूळ होऊन नको म्हणतो, व्यास त्याची समजूत घालतात. नगराबाहेर पडताना आंधळ्या धृतराष्ट्राचा हात गांधारीच्या खांद्यावर, डोळे बांधलेल्या गांधारीचा हात कुंतीच्या खांद्यावर, आणि मागून रडत येणारे पुत्र, असा तो देखावा आहे. कुंतीही परत फिरत नाही. पांडव पुढे त्यांना भेटावयास जातात, महिनाभर राहतात, परततात. काही काळाने नारद वार्ता आणतात की तिघेही वणव्यात गेले. तेव्हा धर्मराज जो शोक करतो त्याचा आशय असा की, आम्ही आप्त जिवंत असताना त्यांना अनाथासारखे मरण आले. ज्याच्या हातून सेवेत काही उणे पडले नव्हते, ज्याने अनुमतीही नाइलाजाने दिली होती, त्या धर्मराजालाही हा सल चुकला नाही. व्यासांनी त्याला दोषी ठरविले नाही आणि त्याचा सलही काढून घेतला नाही. सल हे अपराधाचे प्रमाण नव्हे. तो नात्याचाच शिल्लक राहिलेला भाग आहे, एवढे ते पर्व सांगते.

मन्रोंच्या कथेचा शेवट याच ठिकाणी येतो. ऑब्रीला दाराबाहेर थांबवून ग्रँट आत जातो. त्या दिवशी, बऱ्याच काळाने, फिओना त्याला ओळखते. ऑब्रीचे नाव मात्र तिला आठवत नाही. तू मला येथे सोडून निघूनही गेला असतास, असे ती म्हणू पाहते, आणि ‘टाकून देणे’ या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचे रूप तिला साधत नाही. एक रूप चुकते, दुसरे चुकते, मग तिसरे बरोबर येते. ते कधीच शक्य नव्हते, असे तो उत्तर देतो. प्रतारणा केलेल्या, पोचवून आलेल्या, आणि तरीही दर खेपेस परत येणाऱ्या माणसाच्या तोंडी ते उत्तर खरे आहे की खोटे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांस ते खरे वाटते, आणि ते आमच्या स्वार्थाने तसे वाटत असेल हेही आम्ही कबूल करतो.

टाकणे, ठेवणे, पोचविणे या क्रियापदांच्या रांगेत मराठीत आणखी एक क्रियापद आहे, ‘सोपविणे’. सोपविलेली वस्तू आपलीच राहते. तिची विचारपूस करावयास जावेच लागते. या शब्दाला साजेसे नाटक वा कथा मराठीत ज्या दिवशी लिहिली जाईल, त्या दिवशी आमच्या वर्गातील ते ठरीव वाक्य आम्ही जाहीरपणे मागे घेऊ. तोवर दर गुरुवारी आक्का ‘आपण कोणाकडचे?’ म्हणून विचारतात, आणि आम्ही ‘आपल्याच घरचे’ असे सांगून खुर्ची जवळ ओढून बसतो.